पत्ता बदलला की प्रोग्रामने काय करावं?

बीड जिल्ह्याला सहा जिल्हे लागून आहेत: छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर, धाराशिव आणि अहिल्यानगर. यांतल्या तिघांची नावं अलीकडेच बदलली. औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नवी नावं २०२३ मध्ये अधिकृत झाली, अहमदनगरचं २०२४ मध्ये. नाव बदलायला एक अधिसूचना पुरते. पण जुन्या नावाने बांधलेले इंटरनेटवरचे दुवे, कुणाच्या वहीत लिहिलेले, कुणाच्या एक्सेलमध्ये साठवलेले, ते काही त्या दिवशी बदलत नाहीत.

समजा, आपण गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात बसून एक छोटा प्रोग्राम लिहीत आहोत. शाळेच्या माहितीफलकासाठी बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांची पानं मराठी विकिपीडियावरून आणि जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळांवरून गोळा करायची आहेत. पत्त्यांची यादी जुनी आहे. प्रोग्राम चालवला, कुठेही चूक दिसली नाही, सगळी पानं उतरली. ती पानं खरोखर आपण मागितलेलीच आहेत का, हे मात्र आपल्याला अजून कळलेलं नाही. ते कळावं यासाठी पत्ता बदलण्याचा हा व्यवहार पायरीपायरीने समजून घेऊ.

एक सूचना आधीच देतो. सोयीसाठी इथे सगळी तांत्रिक नावं देवनागरीत लिहिली आहेत; प्रोग्राममध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

पहिली पायरी: सर्व्हर नेमकं काय सांगतो ते पाहू. आपला प्रोग्राम एखादं पान मागतो तेव्हा सर्व्हरकडून आधी तीन आकडी क्रमांक येतो. २०० म्हणजे ‘हे घ्या पान’. ४०४ म्हणजे ‘असं पान इथे नाही’. क्रमांक ३०१, ३०२, ३०३, ३०७ किंवा ३०८ असेल तर अर्थ होतो ‘इथे नाही, तिकडे जा’. ‘तिकडे’ म्हणजे कुठे, हे उत्तराच्या वरच्या भागात ‘लोकेशन’ नावाच्या ओळीत लिहिलेलं असतं. अशा ओळींना हेडर म्हणतात. या साऱ्या प्रकाराला पुनर्निर्देशन म्हणतात, रोजच्या बोलण्यात रिडायरेक्ट.

तलाठी कार्यालयाच्या दारावर ‘कार्यालय बाजारतळाजवळ हलवले आहे’ अशी पाटी असावी, तसं हे आहे. पाटी आपल्याला उचलून तिकडे नेत नाही. चालत जायचं की परत फिरायचं, हे आपणच ठरवतो. वेबवरही सर्व्हर फक्त नवा पत्ता सांगतो. त्या पत्त्यावर नवी विनंती पाठवायची की नाही, हा निर्णय विनंती करणाऱ्याचा असतो. रिडायरेक्टमध्ये जे जे बिघडतं, ते बहुतेक वेळा हा निर्णय आपल्या नकळत दुसऱ्याने घेतल्यामुळे बिघडतं.

तो दुसरा म्हणजे एचटीटीपी क्लायंट लायब्ररी. आपल्या प्रोग्रामच्या वतीने सर्व्हरशी बोलणारा हा तयार कोड असतो. पायथनमध्ये रिक्वेस्ट्स आणि एचटीटीपीएक्स, गो भाषेत तिचं स्वतःचं नेट-एचटीटीपी, टर्मिनलवर कर्ल. काम एकच, पण रिडायरेक्टच्या बाबतीत प्रत्येकाचं वागणं वेगळं.

दुसरी पायरी म्हणूनच अशी: आपली लायब्ररी न सांगता काय करते, हे आधी तपासा. पायथनची रिक्वेस्ट्स गेट, म्हणजे पान मागणाऱ्या, विनंतीला मिळालेल्या रिडायरेक्टमागे आपोआप जाते, आणि असे ३० टप्पे झाले की थांबून चूक दाखवते. गो दहा विनंत्यांनंतर थांबते. एचटीटीपीएक्स आणि कर्ल मात्र सांगितल्याशिवाय एक पाऊलही पुढे जात नाहीत. कर्लला ‘उणे-एल’ हा पर्याय द्यावा लागतो, मग ते जास्तीत जास्त ५० टप्पे जातं. जावामधली जुनी एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शन पाठलाग करते, पण एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर पाठवलं तर जागीच थांबते. जुन्या जावा प्रोग्रामला अचानक रिकामं किंवा तोकडं पान मिळू लागलं, तर पहिला संशय इथे घ्यावा.

आता एक खरा प्रवास जवळून पाहू. मराठी विकिपीडियाचा नुसता पत्ता, साध्या एचटीटीपीने मागा: एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग. पहिलं उत्तर ३०१ येतं आणि लोकेशनमध्ये तोच पत्ता एचटीटीपीएससह असतो. तिथे गेलं की पुन्हा ३०१. या वेळी लोकेशनमध्ये ‘विकि/मुखपृष्ठ’ असा शेवट असलेला पत्ता. तिसऱ्या विनंतीला २०० आणि पान. ब्राउझरमध्ये हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, म्हणून जाणवत नाही. गावात एकच काडी रेंज असलेल्या मोबाइलवरून प्रोग्राम चालतो तेव्हा मात्र चांगलं जाणवतं, कारण प्रत्येक टप्पा म्हणजे सर्व्हरपर्यंत आणखी एक फेरी, आणि एचटीटीपीएसवर जाताना सुरक्षित जोडणीसाठीच्या देवाणघेवाणीचा वेळ वेगळा. यादीतच शेवटचा पत्ता असेल तर या दोन्ही जादा फेऱ्या वाचतात.

इथे एक चूक फार होते. रिक्वेस्ट्समध्ये ‘टाइमआउट’, म्हणजे किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा, दहा सेकंद ठेवली की सगळं काम दहा सेकंदांत आटोपेल असं वाटतं. ती मर्यादा प्रत्येक टप्प्याला नव्याने लागू होते. पाच टप्पे असतील तर ताटकळणं पन्नास सेकंदांच्याही पुढे जाऊ शकतं. एकूण वेळेवर बंधन हवं असेल तर घड्याळ आपल्यालाच लावावं लागतं.

तिसरी पायरी, आणि नवशिक्यांसाठी सगळ्यात उपयोगाची: प्रवासाची नोंद वाचा. रिक्वेस्ट्समध्ये मिळालेल्या उत्तराला ‘हिस्टरी’ नावाची यादी जोडलेली असते. वाटेतलं प्रत्येक रिडायरेक्ट उत्तर तिच्यात क्रमाने असतं. आणि ‘यूआरएल’ या नावाखाली शेवटचा पत्ता असतो. मागितलेला पत्ता आणि हा शेवटचा पत्ता वेगळे निघाले तर निदान एक ओळ छापा. एवढी सवय लागली तरी निम्म्या अडचणी दिसू लागतात.

कोणत्या अडचणी? उदाहरणार्थ, बसस्थानकावरचं किंवा कॉलेजमधलं वायफाय. लॉगिन केलेलं नसेल तर ते साध्या एचटीटीपीच्या विनंतीला मध्येच अडवून ३०२ देतं आणि स्वतःच्या लॉगिन पानाकडे पाठवतं. लायब्ररी मुकाट्याने तिकडे जाते, लॉगिनचं पान आणते आणि २०० दाखवते. प्रोग्राम म्हणतो, काम झालं. सातही जिल्ह्यांच्या नावाने साठवलेल्या फायलींत एकच मजकूर निघतो: मोबाइल नंबर टाका, ओटीपी मिळवा. अनेक संकेतस्थळांवर सेशनची मुदत संपली की हेच होतं. म्हणून नुसता २०० पाहून समाधान मानू नका. शेवटच्या पत्त्यातलं यजमान नाव, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, आपण अपेक्षिलेलंच आहे का ते पाहा. पानात अपेक्षित शब्द, समजा ‘जिल्हा’, आहे का तेही पाहा. एचटीटीपीएसचा पत्ता वापरला तर वायफायला असं मध्ये घुसता येत नाही, उलट प्रमाणपत्राची चूक दिसते. अशी चूक दिसणं चांगलंच. ती दडवण्यासाठी प्रमाणपत्राची तपासणी बंद करू नका.

चौथी पायरी पाच क्रमांकांतला फरक. ३०१ आणि ३०८ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. ३०२ आणि ३०७ म्हणजे तात्पुरता. ३०३ म्हणजे ‘तुमचं काम झालं, निकाल तिकडे पाहा’. कायमचा बदल मिळाला तर आपल्या यादीतला पत्ता बदलून घ्यावा. तात्पुरत्या बदलात जुनाच ठेवावा. संकेतस्थळं सांभाळणारे ३०१ आणि ३०२ यांत नेहमी काटेकोर नसतात, तेव्हा यादी आपोआप बदलण्याआधी एकदा माणसाने नजर टाकलेली बरी.

याहून गंभीर फरक पोस्ट विनंतीत आहे. गेट म्हणजे ‘मला पान द्या’. पोस्ट म्हणजे ‘ही माहिती घ्या’. अर्ज भरून पाठवतो तेव्हा पोस्ट होतं. आपण पोस्ट केलं आणि सर्व्हरने ३०१ किंवा ३०२ दिलं, तर नव्या पत्त्यावर बहुतेक लायब्रऱ्या गेट पाठवतात. अर्जातली माहिती वाटेतच गळते. सर्व्हर मग रिकामा अर्ज दाखवतो, क्रमांक २००, आणि आपल्याला वाटतं अर्ज दाखल झाला.

असं का होतं, याला इतिहास आहे. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.०चं वर्णन प्रसिद्ध झालं, त्यात विनंतीची पद्धत, म्हणजे गेट की पोस्ट, बदलू नये असाच आशय होता. पण तेव्हाचे ब्राउझर पोस्टचं गेट करत राहिले, आणि संकेतस्थळंही त्याच वागण्याच्या भरवशावर उभी राहिली. नियम पाळायला लावण्यापेक्षा नवे क्रमांक देणं सोपं ठरलं. ज्यांना मुद्दाम गेट हवं त्यांच्यासाठी ३०३ आलं, ज्यांना पद्धत आणि मजकूर जसाच्या तसा न्यायचा त्यांच्यासाठी ३०७, आणि त्याचा कायमस्वरूपी भाऊ ३०८ तर २०१४ साली. जून २०२२ मध्ये आलेल्या आरएफसी ९११० या आजच्या प्रमाण दस्तऐवजात हे सगळं एकत्र सापडतं, आणि ३०१ व ३०२ वर पोस्टचं गेट होण्याला तिथे ऐतिहासिक कारणांसाठी मोकळीक दिलेली आहे. लायब्ररी चुकत नाही, ती जुना रिवाज पाळते.

त्यामुळे पोस्ट करताना माझं ठाम मत असं: रिडायरेक्टचा पाठलाग बंद ठेवा. रिक्वेस्ट्समध्ये ‘अलाऊ-रिडायरेक्ट्स’ला ‘फॉल्स’ द्या, आलेला क्रमांक वाचा. ३०३ असेल तर निकालाचं पान गेटने मागा. ३०१ किंवा ३०२ असेल आणि फक्त एचटीटीपीचं एचटीटीपीएस झालेलं असेल, तर मूळ पत्ता दुरुस्त करून पुन्हा पोस्ट करा. दुसरं काहीही असेल तर थांबा. अर्ज दोनदा दाखल होणं आणि एकदाही न होणं, दोन्ही वाईटच.

कर्ल वापरणाऱ्यांची एक खास चूक इथेच सांगतो. ‘उणे-एक्स पोस्ट’ आणि ‘उणे-एल’ एकत्र दिले की कर्ल प्रत्येक टप्प्यावर पोस्टच पाठवतं, ३०३ आलं तरी. माहिती पाठवायला ‘उणे-डी’ पुरतं. पोस्ट करायचं आहे हे कर्लला त्यावरूनच कळतं. आणि ३०७ किंवा ३०८ च्या वेळी मोठी फाइल पाठवत असाल तर आणखी एक अडचण येते. फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते. ती डिस्कवरची असेल तर लायब्ररी मागे नेऊन पाठवते; वाहत्या प्रवाहातून येत असेल तर मागे जाता येत नाही आणि विनंती फसते.

पाचवी पायरी कुकीची. कुकी म्हणजे सर्व्हरने ओळखीसाठी दिलेली छोटी खूणचिठ्ठी. पुढच्या विनंतीबरोबर ती परत दाखवायची असते. काही संकेतस्थळं पहिल्या भेटीत कुकी देतात आणि त्याच पत्त्यावर परत पाठवतात. कुकी दाखवली की पान मिळतं. आपल्या साधनाने कुकी जपलीच नाही तर? सर्व्हरला दर वेळी नवा पाहुणा दिसतो, तो पुन्हा कुकी देतो, पुन्हा परत पाठवतो. मर्यादा संपेपर्यंत हे चालतं आणि शेवटी ‘फार जास्त रिडायरेक्ट’ अशी चूक येते. नवखा माणूस मग मर्यादा ३० ची १०० करतो. त्याने काहीच सुटत नाही. गोमध्ये कुकीची बरणी, म्हणजे ‘जार’, आपण दिली तरच कुकी जपल्या जातात. कर्लमध्ये ‘उणे-बी’ने ती सोय चालू करावी लागते. रिक्वेस्ट्स एका विनंतीच्या प्रवासात कुकी सांभाळते, पण दोन वेगवेगळ्या विनंत्यांत त्या टिकवायच्या असतील तर ‘सेशन’ वापरावं लागतं.

फेरा ओळखायची युक्ती सोपी आहे. हिस्टरीतले पत्ते एकाखाली एक छापा. तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसले, एकदा एचटीटीपी, एकदा एचटीटीपीएस, किंवा एकदा शेवटी तिरकी रेघ आणि एकदा बिनरेघेचा, तर दोष सर्व्हरच्या मांडणीत आहे. एकच पत्ता सारखा दिसला तर बहुधा कुकीचं प्रकरण.

सहावी पायरी आपल्या मराठीची आहे आणि तिच्यावर इंग्रजी पुस्तकांत क्वचितच लिहिलेलं सापडतं. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षरं थेट जात नाहीत. प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. नुसता ‘च’ म्हणजे टक्का-ई०, टक्का-ए४, टक्का-९ए. ‘चकलांबा’ या शब्दात काना, अनुस्वार धरून सात चिन्हं आहेत. त्यांचे एकवीस बाइट, आणि पत्त्यात त्रेसष्ट अक्षरं. ‘मुखपृष्ठ’ची होतात बहात्तर.

रिडायरेक्टमध्ये हे दोन प्रकारे बिघडतं. काही सर्व्हर लोकेशनमध्ये देवनागरी बाइट कच्चेच टाकतात. हेडर जुन्या पाश्चात्त्य वर्णसंचाप्रमाणे वाचायची सवय असलेली लायब्ररी मग त्यांची भलतीच परकी अक्षरं करते आणि पुढे ४०४ मिळतो. दुसरा प्रकार दुहेरी रूपांतराचा. आधीच टक्क्यात बदललेला पत्ता आपण पुन्हा रूपांतराच्या फंक्शनमधून काढला, तर टक्क्याच्या चिन्हाचंच टक्का-२५ होतं. पत्त्यात टक्का-२५-ई० असं काही दिसलं की समजावं, रूपांतर दोनदा झालंय. लोकेशनमधून आलेला पत्ता शक्यतो जसाच्या तसा वापरावा.

लोकेशनमध्ये पूर्ण पत्ता असेलच असंही नाही. जून २०१४ नंतरच्या नियमानुसार नुसता ‘/विकि/बीड’सारखा तुकडाही चालतो. तो आधीच्या पत्त्याला जोडून पूर्ण करायचा असतो. पाठलाग स्वतः लिहीत असाल तर अक्षरांची जोडाजोडी हाताने करू नका. पायथनमधलं ‘यूआरएल-जॉइन’ हेच काम नीट करतं.

आता जिल्ह्यांच्या जुन्या नावांकडे येऊ, कारण इथे लायब्ररीच्या हातात काहीच नसतं. विकिपीडियावर जुन्या नावाचं पान नव्या नावाकडे वळवलेलं असतं, पण हे वळण विकिपीडियाच्या आतलं असतं. सर्व्हर ३०१ देत नाही. तो २०० देतो, मजकूर नव्या पानाचा देतो आणि शीर्षकाखाली बारीक अक्षरांत कुठून वळवलं ते लिहितो. हिस्टरी रिकामी, पत्ता जुनाच, मजकूर नवा. यादीत जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं असतील तर एकच जिल्हा दोनदा मोजला जाईल. यावर उपाय विकिपीडियाच्या एपीआयमध्ये आहे. एपीआय म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेलं वेगळं दार. तिथे ‘रिडायरेक्ट्स’ हा पर्याय दिला की उत्तरात कोणतं नाव कुठे वळलं, याची स्पष्ट नोंद मिळते. त्या दारी जाताना ‘यूजर-एजंट’ हेडरमध्ये आपल्या प्रोग्रामचं नाव आणि संपर्क द्या, तशी त्यांची अपेक्षा आहे.

जुन्या संकेतस्थळांवर आणखी एक प्रकार आढळतो: पानातच ‘पाच सेकंदांत नवीन संकेतस्थळावर जात आहात’ असं लिहिलेलं असतं. हे काम एचटीएमएलमधली एक ओळ किंवा जावास्क्रिप्ट करते. ब्राउझर ते पाळतो, लायब्ररी पाळत नाही. हाती लागतं ते काहीशे बाइटचं पान. उतरवलेली फाइल संशयास्पद लहान असेल तर उघडून पाहावी.

सातव्या पायरीवर सावकाश थांबायला हवं, कारण इथे नुकसान आपलं होतं. विनंतीबरोबर आपण पासवर्ड किंवा गुप्त किल्ली पाठवत असू आणि सर्व्हरने दुसऱ्याच संकेतस्थळाकडे वळवलं, तर ती किल्ली तिकडे जाते का? पूर्वी जात असे. कर्लमध्ये ही त्रुटी २०१८च्या जानेवारीत दुरुस्त झाली. रिक्वेस्ट्समध्येही एचटीटीपीएसवरून साध्या एचटीटीपीवर उतरताना ‘ऑथरायझेशन’ हेडर सोबत जात होतं. त्याच वर्षीच्या २.२०.० आवृत्तीत ते थांबलं. लायब्ररी अद्ययावत ठेवा म्हणतात ते अशा कारणांसाठी.

पण संरक्षण मिळतं ते ओळखीच्या हेडरला. अनेक सेवा किल्ली स्वतःच्या नावाच्या हेडरमध्ये मागतात, ‘एक्स-एपीआय-की’ वगैरे. हे गुपित आहे हे लायब्ररीला कळत नाही, आणि ती ते नव्या ठिकाणी खुशाल घेऊन जाते. किल्लीसह विनंती करताना पाठलाग बंद, आणि यजमान नाव तेच असेल तरच पुढची विनंती, हा नियम स्वतःच लिहा.

आपला प्रोग्राम दुसऱ्यांनी दिलेले पत्ते उघडत असेल तर आणखी सावध राहा. आधी पत्ता तपासला, तो बाहेरच्या चांगल्या संकेतस्थळाचा निघाला, पण त्या संकेतस्थळाने ३०२ देऊन आपल्याच यंत्राच्या १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्याकडे वळवलं, तर आपलाच प्रोग्राम आपल्या घरातलं कपाट उघडून देतो. तपासणी पहिल्या पत्त्याची करून भागत नाही, प्रत्येक टप्प्यावर करावी लागते.

हे सगळं करून पाहायला कुणाच्या खऱ्या संकेतस्थळाला त्रास द्यायची गरज नाही. एचटीटीपीबिन नावाची सराव-सेवा आहे; तिला सांगाल तितक्या टप्प्यांचं रिडायरेक्ट ती देते, आणि हवा तो क्रमांकही. नेट धड चालत नसेल तर पायथनमधला छोटा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालवा आणि त्याच्याकडून आधी ३०२ वर पोस्ट, मग ३०७ वर पोस्ट, मग स्वतःकडेच वळणारा फेरा, मग ‘चकलांबा’ असा शेवट असलेलं लोकेशन अशी उत्तरं घ्या. सर्व्हरच्या खिडकीत प्रत्येक येणारी विनंती उमटते. पोस्ट म्हणून पाठवलेली विनंती तिथे गेट होऊन उमटताना दिसेल.